पेननं लिही, बाय

फिलूआंटी, हे मी पेननं लिहितेय. निळ्या पेननं. खाडाखोड झालीय, दोनदा पान फाडलंय, पण पेन्सिल हातात घेतली नाही, देवाशपथ.

डॉमनिक अंकल म्हणाले, आंटीच्या महिन्याच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, चर्चच्या हॉलमध्ये कुणीतरी चार शब्द वाचायला पाहिजेत, तू लिही. मी म्हणलं, अंकल, मी? दहावीला इंग्रजीत दोनदा उडालेली मुलगी मी. मराठीतला निबंध सुद्धा पाठ करून जायचे. 'माझी शाळा' पाठ केला आणि पेपरात 'माझा आवडता पक्षी' आला, तर मी शाळेच्या कौलावर पोपट बसवला आणि पाठ केलेलं सगळं उतरवलं. अंकल हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसले, म्हणून मग मी हो म्हणून बसले.

तुमचा जन्म कधी, शिकलात कुठं, ते फादर सांगतील. मला नीट माहीत पण नाही. मला एवढंच माहीत आहे की मी भोसरीहून कालगुर्लीला आले तेव्हा तनू साडेचार महिन्यांची होती आणि मला सगळ्याची भीती वाटायची. लाल मातीची भीती. रस्त्यावर माणूस दिसत नाही त्याची भीती. नवरा, सागर, खाणीत शिफ्टला गेला की फोन वाजेल याची भीती, आणि नाही वाजला तर त्याची. रोज खाणीत ब्लास्ट होतो, घर हलतं, कपाटातले कप किणकिणतात. पहिल्या दिवशी मी तनूला घेऊन टेबलाखाली जाऊन बसले होते. सागर म्हणाला, "अगं, इथं सगळ्यांची घरं हलतात. नो वरीज." नो वरीज हे मी ऑस्ट्रेलियात शिकलेलं पहिलं इंग्लिश, आणि त्यानंच माझा घात केला, ते पुढं सांगते.

बेबी क्लिनिकमध्ये तनू रडत होती आणि मी तिला मराठीत, हिंदीत, येईल त्यात गप्प करत होते, घामानं ओली, सगळ्या गोऱ्या बायका बघतायत असं वाटत होतं. मागून आवाज आला. "बाय, तिला सांगून काय उपयोग, ती पोटानं रडते. पालथी घाल मांडीवर." वळून बघितलं तर फ्रॉक घातलेली, चष्म्याला दोरी लावलेली बाई, हातात विणलेल्या टोप्यांची पिशवी. मला वाटलं मला भास झाला. मी विचारलं, "तुम्ही मराठी?" तुम्ही म्हणालात, "नाय गो. आफ्रिकन." आणि मला घाम पुसायला एक बाळाची टोपी दिलीत.

मग कळलं, वसईच्या, पण चौदा वर्षं घानात. अंकल तिथं सोन्याच्या खाणीत मेकॅनिक, तुम्ही जवळच्या दवाखान्यात नर्स. तिथलं सोनं सोडून इथल्या सोन्याला आलात. तुम्ही माझ्या हातातलं जांभळं पुस्तक घेतलंत. इथं प्रत्येक बाळाचं असतं ते, वजन, उंची, सुया, सगळं त्यात. मधेमधे आईनं लिहायची पानं असतात, ती माझी सगळी कोरी. तुम्ही म्हणालात, "हे कोण लिहिणार? पंतप्रधान?"

मी म्हणलं, मला इंग्लिश येत नाही.

"मराठी येतं ना? तुझी पोर आहे, तुझ्या भाषेत लिही. ज्याला वाचायचंय तो शोधेल वाचणारा."

मी हसले. मला वाटलं बाई गंमत करतायत.

त्या आठवड्यात तुमच्या घरी आले. तुम्ही मला सुकेळी दिलीत, म्हणजे वाळवलेली केळी, वसईची, भावानं पाठवलेली, काळी-काळी आणि मधासारखी गोड. तनूच्या ओठाला सुद्धा बोट लावलंत. मग त्याच ड्रॉवरमधून एक वही काढलीत. कव्हरवर आफ्रिकेतली आई, बाप आणि बाळ. तुम्ही म्हणालात, "हे जपानी आहे." मी म्हणलं, आंटी, जपानी असे दिसतात होय? तुम्ही एवढ्या हसलात की ठसका लागला.

मला जपान म्हणजे गाड्या माहीत. सागर ज्या डंपरखाली झोपून काम करतो त्यातले काही तिकडचे. आफ्रिकेचा आणि जपानचा काय संबंध, मला कुठून कळणार. तुम्ही सांगितलंत की जपानमध्ये लढाईनंतर खायला नव्हतं, बाळं दगावत होती, तेव्हा त्यांनी पोटुशी बाईच्या हातात एक वही द्यायला सुरुवात केली. आईचं आणि बाळाचं सगळं एकाच वहीत, आणि वही आईच्या घरी. दवाखान्यात नाही ठेवायची, सरकारकडे नाही, आईच्या घरी. मग पुढं त्यांची पोरं जगली, देश श्रीमंत झाला, आणि त्यांनी दुसऱ्या देशांना ती पद्धत शिकवली. घानाला पण. चित्रं घानाच्या लोकांनी काढली, मजकूर घानाच्या नर्सांनी ठरवला, जपानी शेजारी बसून मदत करायचे.

मी पानं चाळत होते. एका पानावर बाळांची चित्रं होती, एक तापलेलं, एक झटके येणारं, एक दूध न पिणारं. त्या दूध न पिणाऱ्या बाळावर लालसर तेलाचा डाग होता. मी म्हणलं, "काय आंटी, इंदेलचं कालवण खाता खाता वाचत होता का?" तुम्ही वही माझ्या हातातून काढून घेतलीत आणि ड्रॉवर बंद केलात. चहा टाकलात. मला वाटलं, बाईंना वस्तू जपायची सवय असेल.

त्या जपानी युमीच्या गोष्टी मात्र तुम्ही किती सांगितल्यात. दवाखान्याला निरोप आला होता की जपानहून मदत येतेय. सगळ्यांना वाटलं नवीन मशीन येणार. आली एक बारीकशी पोरगी, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये रंगीत टेप. तिनं कपाटांना टेप लावली. निळी टेप इथं कात्र्या, पिवळी टेप इथं हातमोजे. कात्रीच्या आकाराची चौकट काढली, कात्री परत नाही ठेवली तर चौकट रिकामी दिसते, सगळ्यांना कळतं. तुमची मेट्रन म्हणाली, "चीन दुसऱ्यांना स्टेडियम बांधून देतो आणि आम्हाला जपाननं चिकटपट्टी पाठवली." सहा महिन्यांनी रात्रपाळीत कात्री शोधायला पाच मिनिटं लागायची ती हात घालताच मिळायला लागली, तेव्हा तीच मेट्रन स्वतःच्या घरी मिठाच्या डब्याला टेप लावून बसली.

आणि ती साहेब लोकांची गोष्ट. जपानचे साहेब बघायला आले होते. दवाखान्यात पंप बिघडलेला, नर्सा बादल्यांनी पाणी आणत होत्या. पण पाहुणे येणार म्हणून ढोल वाजवले, नाच केला, कोंबडी कापली. साहेबांनी वही काढून विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? तुमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "एव्हरीथिंग इज फाइन." पाहुण्यासमोर घरची गळकी भांडी कोण काढतं? साहेबांनी मान वाकवली, वहीत लिहिलं एव्हरीथिंग फाइन, आणि गेले. युमी गाडीमागं बघत उभी राहिली आणि रडली. तुम्हाला म्हणाली, आमच्याकडं नियम असा आहे की ज्याचं घर आहे त्यानं मागायचं. आम्ही आपल्या मनानं देत नाही, तसं करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसणं. पण मागितलंच नाही तर आम्ही काय द्यायचं? पंप दुरुस्त होईपर्यंत तुम्ही आणखी एक वर्ष बादल्या उचलल्यात.

ही गोष्ट तुम्ही सांगितली की अंकल पेपर खाली ठेवायचे. मला ते फार आवडायचं, तुमचं दोघांचं सुरू झालं की मी तनूला घेऊन सरसावून बसायचे.

"सोनं आम्ही काढलं, ते गेलं," अंकल म्हणायचे. "कोको बोटीत बसून जपानला गेला. घानाच्या हातात काय राहिलं? वही!"

"वही राहिली ना? तुझ्या सोन्याची मला बांगडी तरी राहिली का?"

"जगातल्या देशांच्या मोठ्या सभेत पक्की खुर्ची पाहिजे जपानला. आफ्रिकेत पन्नासाच्या वर देश, म्हणजे पन्नासाच्या वर मतं. म्हणून बोलावतात सगळ्या प्रेसिडेंटांना, म्हणून वाटतात वह्या."

"वाटू देत! आपल्याकडे मतासाठी साड्या वाटतात. वही वाटली कुणी?"

मी पण मधे बोलायचे. मी म्हणायचे, आंटी, फुकट कोण देतं? माझ्या बापानं शेजाऱ्याला पाना दिला तरी संध्याकाळी विचारायचा, पाना झाला का म्हणून. तुम्ही म्हणायचात, "फुकट नाहीच गो. त्यांचं चॉकलेट गोड लागतं ते घानाच्या कोकोनं. आपलं बघूनच देतात सगळे. पण जे पोर जगलं ते खोटं का?" मी म्हणायचे, खरं, पण पोर जगलं तरी कोको स्वस्तातच गेला ना. तुम्ही म्हणायचात, "हां, ते पण लिही." हे आपलं कधी मिटलंच नाही. मला अजून वाटतं मी बरोबर होते. तुम्ही पण बरोबर होता. आता भांडायला दुसरी बाजूच नाही, एकटीनं दोन्हीकडून बोलून बघितलं, मजा येत नाही.

आता ते सांगते जे सांगायला मी इथं उभी आहे.

तनू दोन वर्षांची झाली आणि एक शब्द बोलली नव्हती. 'आई' पण नाही. सासूबाई फोनवर म्हणायच्या, सागर पण तीन वर्षांनी बोलला. मला आतून माहीत होतं. आई झालं की कळतंच. मी मागून हाक मारली की ती वळत नव्हती. तरी मी स्वतःला सांगायचे, ब्लास्ट झाला की बघते ना, जमिनीला हात लावून खुशीत हसते, म्हणजे ऐकू येतं.

दोन वर्षांच्या तपासणीआधी एक फॉर्म भरायचा होता. मूल दोन शब्द जोडून बोलतं का. हाक मारली की वळतं का. तुम्हाला काही काळजी वाटते का. मी तो तुमच्या किचनमध्ये बसून पेन्सिलनं भरला आणि सगळीकडं चांगल्या बाजूला टिक केली. मला तो पेपर वाटला, आंटी. आईची परीक्षा. दहावीत राहिलेच होते, इथं तरी पैकीच्या पैकी.

तुम्ही स्टीलचं झाकण उचललंत आणि तनूच्या मागं फरशीवर टाकलंत. मी दचकले. ओट्यावरची तुमची मांजर पळाली. तनू तिच्या चमच्याशी खेळत राहिली.

"ब्लास्ट ऐकते ना ती," मी म्हणलं.

"ती ऐकत नाही, बाय. तिला जमीन सांगते."

आणि मग तुम्ही फॉर्म पुढं ओढलात. "हे खोडून खरं लिही. पेननं लिही. पेन्सिलचं लिहिलेलं उद्या कुणीही बदलतं."

मी म्हणलं, आमची पीआरची फाइल लागलीय, इथं कायमचं राहायची. घरातल्या सगळ्यांची मेडिकल असते. सागरच्या कामावरचा एकजण सांगत होता, पोरात काही निघालं की सगळ्या घराला नकार येतो. सागर म्हणतो, एकदा पीआर हातात येऊ दे, मग जगातल्या सगळ्या डॉक्टरांना दाखवू.

"ऐकीव आहे ते. वकिलाला विचारलंत?"

"विचारलं आणि त्यांना कळलं तर?"

"न विचारता किती दिवस घाबरणार? कानाचं थांबत नाही गो. आज कळलं तर पोर उद्या बोलेल. उशीर झाला तर..."

आणि मी बोलले. म्हणजे मला कुणी थांबवायला पाहिजे होतं पण नाही थांबवलं. मी म्हणलं, "तुम्हाला काय जातंय, तुमचं सिटिझन झालंय. आणि पोटचं पोर असतं तर कळलं असतं तुम्हाला, लोकाच्या पोरीत खोट काढायला काय लागतं."

तुम्ही सुकेळ्यांचा डबा बंद केलात. हळूच. तनूनं जाताना नेहमीसारखा तुमच्या गळ्याला हात लावला, तुम्ही तिच्याशी काहीतरी बोललात, ती हसली. माझ्याशी नाही बोललात.

चार दिवसांनी मी क्लिनिकमध्ये तोच फॉर्म दिला. नर्सनं विचारलं, एनी कन्सर्न्स? मी म्हणलं, "नो वरीज." तिनं तनूला स्टिकर दिला. घरी येताना मला घानाचे ते डॉक्टर आठवले, ढोल वाजवणारे. मी त्यांना हसले होते, तुमच्या घरी बसून.

मग तुमचा व्हॉइस मेसेज आला. सहा सेकंदांचा. "बाय, घरात पेन आहे का, का आणून देऊ?" तुमचा आवाज चिडका नव्हता. मी ऐकला आणि उत्तर नाही दिलं. उद्या देऊ म्हणलं. परवा देऊ. त्या गुरुवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, अंकलचा फोन आला की फिलू खुर्चीत बसल्या बसल्या गेली, मांडीवर अर्धी टोपी होती.

चर्चमध्ये तुमची पेटी उघडी होती. मी लांब उभी होते, मला तुमच्याजवळ यायचं तोंड नव्हतं. अंकलनी तनूला उचलून जवळ नेलं. तिनं हात पुढं केला आणि तुमच्या गळ्यावर ठेवला. सगळे म्हणाले, अले, पाहा कसं प्रेम. ती थांबली. मग तिनं दोन बोटांनी टकटक केलं. तुम्ही गाता गाता थांबलात की करायची तसं. परत हात ठेवला. परत टकटक. आणि मग तिनं वळून माझ्याकडं बघितलं, म्हणजे मला विचारलंच तिनं, हे बंद का पडलंय?

दीड वर्ष मला वाटत होतं तिला तुमच्या गळ्यातली माळ आवडते. ती तुमचा आवाज हातानं ऐकत होती, आंटी. तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही तिला घेतलं की गात बसायचात, बेसूर, एकच गाणं.

सगळे गेल्यावर मी भांडी घासायला थांबले. अंकलना सांगितलं मी काय बोलले होते ते. त्यांना माहीत होतं. ते ड्रॉवरकडं गेले, वही आणली आणि ते डागाचं पान उघडलं.

वही अकोसुआची होती. तिला लिहिता वाचता येत नव्हतं. युमीनं तिला शिकवलं होतं, ज्या चित्रासारखं बाळ दिसेल त्या चित्रावर खूण कर आणि वही दाखव. घरात शाई नव्हती. तिनं अंगठा पामतेलात बुडवला आणि दूध न पिणाऱ्या बाळावर उठवला, आणि आठ मैल चालत आली. त्या दिवशी तीस-पस्तीस बायका रांगेत होत्या. तुम्ही वजनाचं पान बघितलंत, वजन ठीक होतं. तुम्ही म्हणालात, "फाइन, फाइन, नेक्स्ट." तिनं वही परत पुढं केली. तुम्ही परत म्हणालात फाइन. ती गेली. दोन दिवसांनी आली तेव्हा बाळ नव्हतं, नुसती वही होती. टेबलावर ठेवून गेली, परत न्यायला कधी आली नाही.

अंकल म्हणाले, "फिलू मला एवढंच म्हणायची, त्या आईनं बरोबर लिहिलं होतं. वाचणारी मी होते." मग म्हणाले, "तुझं तिला लागलं नाही, मनीषा. तिला पोर नाही हे ऐकायची तिला सवय होती. तिला भीती होती की तू न बोलता राहशील. बोललेलं सुद्धा ऐकत नाहीत लोक, न बोललेलं कोण ऐकणार?"

माझी आई म्हणते, बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. शंभर वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी अंकलच्या किचनमध्ये, हाताला साबण, मला ते कळलं.

सागरला सांगितलं. तो म्हणाला, "पीआर गेली तर?" मी म्हणलं, गेली तर भोसरीला जाऊ, पण तिथं पण ती बहिरीच असेल ना, का विमानात बरी होणार? तो बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसला आणि रात्रपाळीला गेला. सकाळी बघितलं तर शिफ्टवरून आलेला, कपडे न बदलता यूट गाडीत बसून हॉर्न वाजवत होता.

अपॉइंटमेंट नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. तोंडात आलंच होतं, नो वरीज. गिळलं. मी म्हणलं, "आय वरी." एवढंच. तीनदा म्हणलं. पहिल्यांदा तिनं हसून मान हलवली, तेव्हा मी परत म्हणलं. मी अकोसुआसारखी घरी जाणार नव्हते.

नर्स आली, तीच स्टिकरवाली. मी जांभळं पुस्तक उघडून दिलं. आईच्या पानावर मी घरून लिहून नेलं होतं, मराठीत, पेननं: 'माझ्या मुलीला ऐकू येत नाही. मी आधी खोटं लिहिलं होतं. मला मदत पाहिजे.' नर्सनं दुभाष्याला फोन लावला, फोनवर एक मराठी माणूस आला, बोलण्यावरून नागपूरकडचा. मी त्याला वाचून दाखवलं, त्यानं तिला सांगितलं. खोटं लिहिलं होतं हे सांगताना तो जरा अडखळला, मी म्हणलं, दादा, तसंच सांगा. मला वाटलं आता ओरडणार, आता पोलीस, आता पोर काढून घेणार. नर्सनं तिची खुर्ची माझ्या बाजूला ओढली. थँक यू म्हणाली. आणि मराठीच्या खाली इंग्लिशमध्ये लिहिलं, माझं खोडलं नाही. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, वाचणारा शोधला तिनं.

पर्थहून कान तपासणारी बाई येणार आहे, मंगळवारी तनूचा नंबर आहे. तिथून पुढं पर्थला विमानानं जावं लागेल म्हणतात. जाऊ. वकिलाला पण विचारलंय, सागरनंच फोन केला. वकिलानं कागद मागवलेत, अजून हो नाही, नाही पण नाही. भीती गेली नाही, आंटी, खोटं कशाला सांगू. सकाळी उठले की पहिली तीच उठते. पण ती उठते आणि मी पण उठते, चहा करते, आणि जे विचारायचंय ते विचारते. कालच्या दिवसात मी चार लोकांना प्रश्न विचारले. मोजून चार. त्यातल्या एकीनं फोन ठेवून दिला, तिला उद्या परत फोन करणार आहे.

जपानचं आणि कोकोचं आपलं भांडण राहिलं. जपाननं आपलं बघूनच दिलं, हे मी सोडणार नाही. पण अकोसुआच्या हातात ती वही आली म्हणून तिचा अंगठा उरला, आणि तो अंगठा घानातून वसईच्या बाईकडून भोसरीच्या पोरीपर्यंत आला, कालगुर्लीच्या एका ड्रॉवरमधून. हे कुठल्या साहेबाच्या वहीत लिहिलं नसेल. म्हणून मी लिहिलं. अंकलनी वही मला देऊ केली होती. मी घेतली नाही. तुमच्याच ड्रॉवरमध्ये राहू दे, सुकेळ्यांजवळ. मी येऊन बघत जाईन.

तुम्हाला जे बोलले त्याची माफी तुमच्या मेसेजला उत्तर म्हणून पाठवलीय. फोन अंकलकडं आहे, त्यांनी ऐकली. ते म्हणाले, पोचली.

हे शेवटचं कागदावर नाही, आंटी, आत्ता हॉलमध्ये उभी राहून तोंडानंच सांगतेय. एवढ्या लोकांसमोर मी जन्मात बोलले नाही. तनू माझ्या कडेवर आहे, तुम्ही विणलेली टोपी तिला आता लहान होते तरी काढू देत नाही. तिचा तळवा माझ्या गळ्यावर आहे. मघाशी अकोसुआचं वाचताना माझा आवाज बसला, तेव्हा तिनं दोन बोटांनी टकटक केलं.

म्हणून पुढचं वाचलं, आंटी. ती टकटक करते तोपर्यंत मी गप्प बसायची नाही.